झाकलेला संसार

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमची गल्ली म्हणते, आणि गल्ली काही खोटं बोलत नाही. मी शिवणकाम करते. चाळीस वर्षं बायकांची मापं घेतली, आणि माप देताना बाई कधी गप्प उभी राहत नाही. त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतंय ते मला आधी कळतं, आणि मग ते पुढच्या गिऱ्हाइकाला कळतं. उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणू? या जिभेपायीच मला सगळे टाचणी म्हणतात, पाठीमागेही आणि तोंडावरही. पण एक गोष्ट मी एकोणीस वर्षं पोटात ठेवली. आयुष्यात तेवढी एकच. आणि ती ठेवली म्हणूनच ताईचं घर गेलं.

माझ्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथे बाइंडर राहायचा. सरकारी छापखान्यात पुस्तकं बांधायचा म्हणून बाइंडर. हाक मारताना आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. अंगाला कायम खळीचा वास, बोटांवर दोऱ्याचे चरे, आणि बोलणं इतकं बेताचं की साधा ‘हो’ ऐकायला दोन वेळा चहा पाजावा लागायचा. खोल्या त्याच्या स्वतःच्या, त्याच्या एकट्याच्या नावावर. एक दिवस तो स्वतःच एक ट्रंक खांद्यावर घेऊन जिना चढला आणि मागून ताई आली. मला म्हणाला, “या आता इथेच राहणार.” एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

ताई टेलिफोन ऑफिसात होती. आवाज असा की रागावली तरी समोरच्याला बरं वाटावं. बाइंडरपेक्षा पाच वर्षांनी मोठी, आणि एकदा घटस्फोट झालेला. बाइंडरचा बाप लहानपणीच गेलेला, त्याला वाढवलं थोरल्या भावानं. हे थोरले दुसऱ्या गावी, चार तासांवर, आईसोबत राहायचे. लग्नाचं ऐकल्यावर त्यांनी सांगितलं, “ती बाई आपल्या घरात आली तर आई जिवाचं बरंवाईट करून घेईल. मग मी तुझा भाऊ नाही.” बाइंडर म्हणाला, बरं, नाही करत. आणि परत येऊन त्यानं ताईची ट्रंक वर चढवली. हा त्याचा स्वभाव. भांडायचं नाही, कोणाला नाही म्हणायचं नाही, आणि करायचं तेच करायचं.

“आई आहे तोवर थांबू,” असं दोघांचं ठरलं. म्हातारीची तब्येत तेव्हाही तोळामासाच होती. ती पुढे अकरा वर्षं जगली.

थोरले वर्षातून तीन-चारदा यायचे, न कळवता. पहिल्यांदा आले तेव्हा ताई नशिबानं कामावर होती. पण दोरीवर तिचे कपडे वाळत होते. मी धावत वर गेले, सगळे कपडे खेचून दुकानात आणले आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांत टाकले. त्या दिवशी मला जी धाप लागली, तिच्यातून आमची पद्धत निघाली. गल्लीच्या तोंडाशी चपला-दुरुस्तीचं दुकान आहे. थोरले दिसले की चपलावाला शीळ घालायचा. शीळ ऐकली की मी दुकानाबाहेरच्या दांडीवर लाल अस्तराचं कापड लावायचे. वरच्या खिडकीतून ताईला ते दिसायचं. तिची एक पिशवी कायम भरलेली असायची: दात घासायचा ब्रश, कंगवा, घरातल्या चपला, उशीचा अभ्रा. ती घेऊन मागच्या जिन्यानं ती खाली यायची आणि माझ्या ट्रायलरूमच्या पडद्याआड स्टुलावर बसायची. सुरुवातीला सात मिनिटं लागायची. मग चार. पुढे पुढे तर थोरले जिन्याच्या पहिल्या पायरीवर असताना ताई पडद्याआड बसून माझ्याकडे चहा मागायची.

आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू! आमच्या गल्लीचं कधी कशावर एकमत झालेलं नाही. गटार कोणी साफ करायचं यावर दोन घरांत सहा वर्षं अबोला आहे. पण ताईच्या बाबतीत सगळे एक. थोरल्यांना कानोकान खबर लागू द्यायची नाही. तिला वहिनी म्हणायचं नाही हेही मीच ठरवलं. जिभेला वळण पडलं की नको त्या वेळी शब्द बाहेर पडतो. मी माझ्यावरून जग ओळखते. म्हणून सगळ्या गल्लीसाठी ती ताई. दारावर पाटी फक्त बाइंडरची. तिची पत्रं, बँकेची कागदपत्रं, ओळखपत्र, सगळ्यावर पत्ता माझ्या दुकानाचा. कागदोपत्री ती एकोणीस वर्षं माझ्याकडे राहत होती.

आणि राहत कशी होती ते मी पाहिलंय. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं खिडकीत बसायचे आणि तो तिची नखं कापायचा, मग ती त्याची. ती घोरते म्हणून तो माझ्याकडे तक्रार करायचा आणि तो रात्री पंखा बंद करतो म्हणून ती. तिला ताप आला तर हा छापखान्यातून दर दोन तासांनी माझ्या दुकानात फोन करायचा आणि फोनवर काही बोलायचाच नाही. मी आपली सांगायची, “उतरलाय हो, भाऊ, ठेवा आता.” ज्यांची लग्नं वाजतगाजत झाली त्यांचे संसार मी रोज ऐकते. त्यातला एक तरी असा असेल तर माझं नाव बदला.

म्हातारी गेली तेव्हा ताई माझ्याकडे आली. म्हणाली, “आता नोंदणी करून टाकावी का हो? मला आपलं वाटतं, एकदा उघड्यावर यावं.” बाइंडर म्हणत होता, थोरल्यांच्या मुलीचं लग्न ठरतंय, ते होऊन जाऊ दे. मी तोंडात टाचण्या धरून हेम घालत होते. टाचण्या काढल्या आणि शहाणपणा शिकवला. म्हटलं, “झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. चाललंय ते काय वाईट चाललंय? कशाला वादळ ओढवून घेता?” ती वर गेली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. मुलीचं लग्न झालं, नातवंडं झाली, आणि आम्ही सगळे तसेच राहिलो.

बाइंडर छापखान्यातच कोसळला. तिथल्या नोंदीत नातेवाईक म्हणून थोरल्यांचं नाव, म्हणून फोन त्यांना गेला. आणि एका कामगाराला माझ्या दुकानाचा नंबर पाठ होता म्हणून मला. मी आणि ताई रिक्षानं हॉस्पिटलात पोचलो. काचेच्या दारापाशी नर्सनं अडवलं. “नातेवाईकच आत जातील. तुम्ही कोण त्यांच्या?” ताईनं तोंड उघडलं. मी तिचं कोपर धरलं आणि दाबलं. थोरले निघाले होते, केव्हाही येऊन ठेपणार होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “शेजारीण.” “मग बाहेर बसा,” नर्स म्हणाली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. दारापासून त्याचा पलंग वीस पावलांवरही नव्हता. पाऊण तासानं तीच नर्स बाहेर आली आणि विचारायला लागली, त्यांचे कोणी आलेत का, त्यांचे कोणी आलेत का. आम्ही दोघी गप्प बसून राहिलो.

त्याला शेवटचं घरी आणलं तेव्हा वर थोरले होते, त्यांची माणसं होती, छापखान्यातले लोक होते. ताई खाली माझ्या पडद्याआड होती. लाल कापड लावायचीही गरज पडली नाही, ती आपणहून जाऊन स्टुलावर बसली. मी शटर अर्धं ओढलं. तिच्या तोंडून आवाज फुटायला लागला तसं मी म्हटलं, “ताई, आवाज नको.” तिनं अस्तराचा तुकडा दातांत धरला. त्याला जिन्यावरून उतरवलं, दुकानासमोरून नेलं, आणि तिला शटरखालून फक्त माणसांचे पाय दिसले. मला आजही कळत नाही, त्या दिवशी आम्ही कोणापासून काय लपवत होतो. ज्याच्यासाठी लपवायचं तोच गेला होता. पण एकोणीस वर्षांची सवय, दुसरं काय!

तीन आठवड्यांनी थोरले कुलूप घेऊन आले. शीळ वाजली, मी कापड लावलं, पण या वेळी ताई उतरली नाही. दारातच उभी राहिली. “तुम्ही कोण?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “मी इथे राहते. मी त्यांची बायको.” आमच्या गल्लीत हे शब्द पहिल्यांदा मोठ्यानं बोलले गेले, आणि ते ऐकायला जो हवा होता तो नव्हता. थोरले म्हणाले, “कागद?” आणि मग सगळं कोर्टात गेलं.

ताईची वकीलबाई तरुण होती, हुशार होती, आणि नखं कुरतडायची. तिनं मला समजावलं, “कागद नसला तरी चालतं, मावशी. दोन माणसं पुष्कळ वर्षं उघडपणे नवरा-बायको म्हणून राहिली आणि लोकांनी त्यांना तसं मानलं, तर लग्न झालंय असं कायदा धरून चालतो. मग खोल्या ताईंच्या. तुम्ही फक्त सांगा की ते एकत्र राहायचे आणि सगळ्या गल्लीला माहीत होतं.” म्हटलं, एवढंच ना! हातच्या काकणाला आरसा कशाला? घरी येताना मी मनात साक्ष घोळवत होते. ताई म्हणाली, “जे खरं ते सांगा, बाई. जास्त काही नको.” तेव्हाच मी जीभ चावून ठेवायला हवी होती.

कोर्टाची खोली आमच्या शाळेच्या वर्गाएवढी. वर पंखा, भिंतीला फायलींचे गठ्ठे, आणि पहिल्या बाकावर थोरले, इस्त्रीच्या शर्टात. वकीलबाईनं विचारलं, “हे दोघं पती-पत्नी म्हणून राहत होते हे गल्लीला माहीत होतं का?” मी म्हटलं, “अहो, माहीत म्हणजे काय! पोराटोरांना माहीत होतं. माहीत नसतं तर आम्ही इतकी वर्षं लपवलं कसं असतं?” वकीलबाईचं नख तोंडातच राहिलं. पण मला वाटलं, मुद्दा जोरात बसला. गल्लीनं परक्या बाईसाठी एवढा खटाटोप केला असता का? मी सगळं सांगितलं. शीळ, लाल कापड, भरलेली पिशवी, मागचा जिना, सातावरून चारावर आलेली मिनिटं. हातवारे करून सांगितलं. लोक ऐकत होते आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं.

मग थोरल्यांचे वकील उठले. गोड माणूस. मला बसायला खुर्ची दिली.

“बाई, मयत गृहस्थांना तुम्ही काय म्हणायचात?”

“भाऊ.”

“आणि यांना?”

“ताई.”

“भाऊ आणि ताई.” मागे कोणीतरी फिसकन हसलं. “शेजाऱ्याच्या बायकोला काय म्हणतात हो?”

“वहिनी.”

“मग एकोणीस वर्षांत एकदाही वहिनी म्हटलं नाहीत?”

“मनातून म्हणायचो.”

“मनातलं कोर्टाला ऐकू येत नाही, बाई.” त्यांनी एक कागद पुढे केला. “यांच्या ओळखपत्रावर पत्ता तुमच्या दुकानाचा. कोणी सुचवलं?”

“मी.”

“मृत्यूच्या वेळी या त्यांच्याजवळ होत्या?”

“बाहेर होत्या. बाकावर.”

“नर्सनं विचारलं तेव्हा यांनी स्वतःला काय म्हणवलं?”

मी ताईकडे पाहिलं. ती समोर बघत होती. मला खोटं बोलता आलं असतं. पण हॉस्पिटलची नोंदवही त्यांच्या हातात होती आणि त्यातलं पान मला दिसत होतं. म्हटलं, “शेजारीण.”

“आणि घरी प्रेत असताना?”

“माझ्या दुकानात होत्या. पडद्याआड. मीच बसवलं होतं, साहेब. त्यांचा काही दोष नाही, सगळं मीच केलं.”

न्यायाधीश आत्तापर्यंत लिहीत होते. त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे सगळ्यांना माहीत होतं म्हणता, आणि सगळेच लपवत होता म्हणता. लपवत कोणापासून होतात?”

“त्यांच्या घरच्यांपासून.”

“ज्यांना सर्वांत आधी माहीत असायला हवं, त्यांच्यापासून,” ते म्हणाले. ओरडून नाही, अगदी हळू. मला तेव्हा कळलं की मी काय करून बसले. बाहेर आल्यावर वकीलबाई माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही. पायरीवर बसली आणि एवढंच म्हणाली, “मावशी, ते कापडाचं तुम्हाला कोणी विचारलं होतं?”

त्यानंतर थोरल्यांनी शपथेवर सांगितलं की ही बाई तिथे राहत होती हे आपल्याला ठाऊकही नव्हतं. निकाल आला तो वकीलबाईनं वाचून दाखवला. ‘संबंध होता, जिव्हाळा होता, याबद्दल शंका नाही. परंतु तो विवाह म्हणून जगासमोर कधीही आला नाही. उलट तो पद्धतशीरपणे झाकून ठेवला गेला. जे पती-पत्नी म्हणून उघडपणे वागले नाहीत, त्यांना कायदा पती-पत्नी मानू शकत नाही.’ पद्धतशीरपणे. चाळीस वर्षांत माझ्या कामाचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं. खोल्या थोरल्यांच्या झाल्या. ताईला एक महिन्याची मुदत मिळाली.

मी तिला म्हटलं, माझ्या मागच्या खोलीत या, मुलगा-सून काही म्हणणार नाहीत. ती म्हणाली, “तुमच्या पडद्याआड पुष्कळ बसले, बाई. आता नको.” बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

महिना संपायच्या आदल्या दिवशी थोरले किल्लीचं बोलायला आले. वर गेले नाहीत, माझ्या दुकानात शिरले. मी मशीन थांबवलं नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, “कापड लावलं नाहीत आज.”

माझा पाय पायट्यावर थांबला. “काय म्हणालात?”

“लाल कापड. कोपऱ्यावरून दिसायचं मला. दुसऱ्या वर्षापासून.” त्यांचं वय झालं होतं, त्यांना खुर्ची द्यायला हवी होती, मी दिली नाही. “म्हणून तर चपलेला पॉलिश करून घ्यायचो. दर वेळी. तुमचं आवरेपर्यंत.”

मला आठवलं, चपलावाला म्हणायचा, या माणसाच्या पायात नेहमी चकचकीत जोडे असतात आणि तरी हा पॉलिश करून घेतो. आम्ही हसायचो त्यावर. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसे आम्ही सगळे, चपलावाल्यापासून माझ्यापर्यंत.

“मग बोलला का नाहीत?” मी ओरडलेच. “एकदा म्हणाला असतात की मला माहीत आहे!”

“म्हटलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. आई होती. तिला शब्द दिला होता, त्यानं त्या बाईशी घर मांडलं तर त्याला तोडीन म्हणून. डोळे झाकले म्हणून मला भाऊ राहिला.”

“आणि आई गेल्यावर?”

“त्यानंच कधी सांगितलं नाही. मी वाट बघत होतो. मग म्हटलं, सांगायचं नसेल त्याला.”

“मग कोर्टात का खोटं बोललात?” त्यांनी काचेखाली मांडलेल्या बटणांकडे नजर वळवली. मग म्हणाले, “मला मुलं आहेत, बाई.” आणि गेले. जाताना नमस्कार केला. मी केला नाही.

हे ताईला सांगायचं की नाही यावर मी दुपारभर विचार केला. न सांगण्याची फळं मी भोगत होते. म्हणून वर गेले. ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती, ट्रंक तीच. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पॉलिशसकट. तिनं हातातली ताटली गुंडाळून पूर्ण केली, ट्रंकेत ठेवली. मग माझ्याकडे वळली.

“म्हणजे थोरल्यांना माहीत होतं. गल्लीला माहीत होतं. आम्हाला दोघांना तर माहीतच होतं.”

“हो.”

“मग त्या दिवशी तुम्ही माझं कोपर का धरलंत, बाई?”

तिला भांडायचं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी, टाचणी, तिथे जमिनीवर बसले आणि रडले. ती पुढची ताटली घेऊन गुंडाळायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकट्या बायकांसाठी असलेल्या वसतिगृहात गेलो. लांबलचक खोली, भिंतीला लागून बाकं, बाकांवर वीस-पंचवीस बायका आणि टेबलामागे एक कारकून बाई. अर्जात तीनच चौकटी होत्या: विवाहित, अविवाहित, विधवा. घटस्फोटितेला जागाच नव्हती. ताईचं पेन तिथे येऊन थांबलं. मी म्हटलं, “विधवा करा.” तिनं खूण केली.

कारकून बाईनं अर्ज पाहिला. “नवऱ्याचा मृत्यूचा दाखला? लग्नाचा कागद?”

ताईनं पिशवीतून एक लिफाफा काढला. मला वाटलं रिकामा असेल, उगाच काहीतरी पुढे करायचं म्हणून. त्यातून तिनं निकालाची प्रत काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. “दोघांचं नाव एकत्र असलेला माझ्याकडे हा एकच कागद आहे,” ती म्हणाली.

बाईनं पानं उलटली. वाईट नव्हती, बिचारीनं शेवटपर्यंत वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “यात तर नाही म्हटलंय, ताई.”

“हो,” ताई म्हणाली.

“अहो, मी सांगते ना!” मी पुढे झाले. “मी पाहिलंय. एकोणीस वर्षं. बायको होती ती त्याची. कोणालाही विचारा आमच्या गल्लीत!” मी इतकी मोठ्यानं बोलले की बाकांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. कारकून बाई म्हणाली, “तुम्ही म्हणता ते खरं असेल हो, मावशी. पण मला कागदाप्रमाणे लिहावं लागतं.” तिनं विधवाची खूण खोडली, अविवाहितच्या चौकटीत केली, आणि आम्हाला बसायला सांगितलं.

आम्ही तासभर बसलो. मग आतलं दार उघडलं आणि एका शिपायानं यादीवरून मोठ्यानं नाव पुकारलं: कुमारी, आणि पुढे ताईचं माहेरचं नाव. साठीची कोण कुमारी म्हणून बायका इकडेतिकडे बघायला लागल्या. दोघी तर हसल्या. त्यानं पुन्हा पुकारलं, “कुमारी…”

“मीच,” ताई म्हणाली, त्याच टेलिफोनवरच्या आवाजात. ट्रंकेची एक कडी तिनं धरली, दुसरी मी, आणि आम्ही सगळ्यांसमोरून आत गेलो.